मुळासकट पडलेला दुधाचा दात

एका आईचं पत्र, थोडक्यात असं: मुलगी दोन वर्षं दहा महिन्यांची आहे. वीस महिन्यांची असताना तिचा खालचा मधला एक दात हलायला लागला आणि आठवड्याभरात पडला. त्याआधी ती पलंगावरून पडली होती, म्हणून सगळ्यांनी 'मार लागला असेल' असं धरून चाललं. सव्वादोन वर्षांची असताना शेजारचा दातही पडला. तेव्हा कुठे काही लागलेलं नव्हतं. दुखलं नाही, रक्तही जेमतेम आलं. आता त्यांच्या बाजूचा तिसरा हलतो आहे. घरचे म्हणतात, दुधाचेच दात आहेत, पुन्हा येतील. आईने आपल्या मनाने कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं एक सिरप, शिवाय एक मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं आहे. रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज ५८ आलं. रिपोर्टवर 'सामान्य मर्यादा ४० ते १२९' असं छापलं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. दुसरा दात तिने डबीत जपून ठेवला आहे. तो 'वरून छोटा आणि खाली लांब टोकदार' आहे असं ती लिहिते. तिला विचारायचं आहे ते हे: रात्री बाटलीने दूध पाजलं म्हणून असं झालं का? कॅल्शियम किती दिवस द्यायचं? पक्के दात येईपर्यंत थांबायचं की छोटी कवळी बसवायची? आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून: मुलीच्या वडिलांचेही पुढचे दात लहानपणी फार लवकर पडले होते असं आजी सांगतात, त्याचा काही संबंध असेल का?

ताई,

पुढचं वाचण्याआधी ती डबी घेऊन बसा. दात मिलिमीटरच्या पट्टीशेजारी ठेवा आणि मोबाइलवर एक फोटो काढा. खालच्या मधल्या दुधाच्या दाताची पूर्ण लांबी साधारण १४ मिलिमीटर असते. त्यातला तोंडात दिसणारा भाग ५ च्या आसपास, आणि हिरडीआड दडलेलं मूळ ९ च्या आसपास. तुमच्या वर्णनावरून डबीतला दात अख्खा आहे, मुळासकट.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा पडलेला दात असा नसतो. खालून पक्का दात वर सरकू लागला की शरीरातल्याच काही पेशी दुधाच्या दाताचं मूळ थोडंथोडं विरघळवत नेतात. मूळ संपत आलं की दात हलतो आणि पडतो. हातात येते ती नुसती टोपी, खालून पोकळ, कडेला खडबडीत. तुमच्या मुलीच्या दाताच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. मूळ जागेवर होतं, पकड सुटली. 'दात लवकर पडला' आणि 'दात मुळासकट पडला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महत्त्वाची आहे ती दुसरी. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. डॉक्टरांपुढे सगळ्यात आधी हीच ओळ सांगा.

ही पकड कशी असते ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा एक पातळ थर असतो. दात आणि जबड्याचं हाड यांच्या मधल्या फटीत असंख्य बारीक धागे असतात. त्यांचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं सिमेंटममध्ये. हा थर तयारच झाला नाही किंवा फारच तुटपुंजा झाला, तर धाग्यांना धरायला दाताकडून काही उरत नाही. मग हिरडी लाल होत नाही, सुजत नाही, पू होत नाही, दुखत नाही. एक दिवस दात हलतो आणि थोड्या दिवसांत हातात येतो. तुम्ही लिहिलंय अगदी तसं.

हा थर न होण्याचं एक ठळक कारण म्हणजे हायपोफॉस्फटेशिया हा हाडांचा दुर्मीळ, जन्मजात आजार. जॉन रॅथबन या कॅनेडियन डॉक्टरांनी १९४८ साली त्याला हे नाव दिलं. यात एएलपीएल नावाच्या जनुकात बदल असतो, त्यामुळे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) शरीरात कमी पडतं. हाड आणि दात टणक होण्यासाठी कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसावे लागतात. ते भलत्या ठिकाणी बसू नयेत म्हणून शरीर पायरोफॉस्फेट नावाचा अटकाव करणारा पदार्थ बाळगतं, आणि जिथे स्फटिक हवे असतात तिथे हे विकर तो पदार्थ तोडून टाकतं. विकर कमी, की पायरोफॉस्फेट साचतं. म्हणजे विटा, वाळू, सिमेंट सगळं दारात येऊन पडलंय, पण 'काम बंद'ची पाटी कोणी उतरवत नाही. दाताच्या मुळावरचा तो पातळ थर या साचण्याला फार हळवा असतो. म्हणून हाडांमध्ये काही दिसत नसतानाही दात आधी बोलतात.

थांबा, इथे घाईने निष्कर्ष नको. पत्र वाचून निदान होत नाही आणि ते इथे केलेलंही नाही. पण वयाची पाच वर्षं पूर्ण होण्याआधी दुधाचा दात मार न लागता मुळासकट पडला, तर या आजाराची तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल मनात शंका ठेवू नका.

आता रिपोर्ट. ५८ या आकड्यासमोर लॅबने तारा काढला नाही, म्हणून तो 'नॉर्मल' ठरला. पण ४० ते १२९ ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे. वाढत्या मुलांची हाडं सतत बनत असतात, त्यांच्या रक्तात हे विकर मोठ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. एक ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये त्याची खालचीच मर्यादा साधारण १४० ते १५० युनिट प्रति लिटरच्या आसपास असते. तपासणीच्या पद्धतीप्रमाणे थोडी इकडेतिकडे. त्या मापाने ५८ म्हणजे सरळसरळ कमी. हे विकर वाढलं की यकृताचं काय, हाडांचं काय, म्हणून सगळे सावध होतात. कमी असलं तर फारसं कोणी थबकत नाही. त्यात मर्यादा मोठ्यांची छापलेली असेल तर कमी आकडा कमी दिसतच नाही. या आजाराचं निदान वर्षानुवर्षं लांबण्यामागे बऱ्याचदा एवढीच क्षुल्लक गोष्ट असते. तेव्हा लॅबला नेमकं हे विचारा: 'मुलीच्या वयाची आणि मुलींची सामान्य मर्यादा किती?' लेखी घ्या.

एका आकड्यावर मात्र काही ठरवायचं नाही. तपासणी पुन्हा करायची, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि मूल तापातून किंवा मोठ्या आजारातून नुकतं उठलेलं नसताना. रक्त कोणत्या नळीत घेतलं जातंय याकडे लक्ष असू द्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. हे विकर चालायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए नेमकं तेच धरून ठेवतं आणि आकडा खोटा खोटा खाली येतो. रक्तपेशींच्या तपासणीसाठी ती नळी बरोबर, पण या तपासणीसाठी सीरमची नळी हवी. दुसऱ्या कारणांनीही हे विकर कमी होतं: जस्ताची किंवा मॅग्नेशियमची कमतरता, थायरॉइड मंद असणं, सीलिॲक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं), कुपोषण, स्टेरॉइडचा उपचार, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक. म्हणून याच वेळी कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन, थायरॉइड आणि पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीसह रक्तपेशींची गणती करून घ्यावी. एकाच वेळी सुई टोचून हे सगळं होतं.

दुसऱ्यांदाही विकर कमीच आलं, तर पुढची पायरी ब-६ जीवनसत्त्वाची, म्हणजे रक्तातल्या पायरिडॉक्सल फॉस्फेटची. हे विकर कमी असलं की तो पदार्थ साचतो आणि आकडा वर जातो. तुमच्या घरातल्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीचं लेबल वाचा; त्यात 'पायरिडॉक्सिन' हा शब्द जवळजवळ हमखास सापडेल. ते चालू असताना तपासणी केली तर आकडा औषधामुळे वर गेला की आजारामुळे, हे कळणार नाही. त्यामुळे तपासणीआधी किमान आठवडाभर, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, ते बंद ठेवा. मात्र दुसऱ्या कुणाच्या मुलाला फिट्ससाठी ब-६ लिहून दिलेलं असेल, तर त्यांनी हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. ते औषध आपल्या मनाने कधीही थांबवायचं नाही. हा नमुना उजेडापासून झाकून ठेवावा लागतो, म्हणून ही तपासणी नेहमी करणाऱ्या लॅबकडेच द्या. असाच साचणारा फॉस्फोइथेनॉलामाइन हा पदार्थ लघवीत तपासतात, आणि शेवटी एएलपीएल जनुकाची.

आता तुमचं कॅल्शियम. तुमचा विचार असा: दात पडले, म्हणजे हाडं कच्ची, म्हणजे कॅल्शियम कमी. साखळी सरळ वाटते, पण मधली कडी तपासलेली नाही. हायपोफॉस्फटेशियात रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस सहसा नॉर्मल असतं, कधी उलट वाढलेलंच असतं. कमतरता विटांची नाही, पाटी उतरवणाऱ्याची आहे. अशा वेळी आणखी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ओतत राहिलं, तर ते हाडात न बसता रक्तात आणि लघवीत वाढतं, आणि मूत्रपिंडात साचू शकतं. दोन्ही सिरपं कोणी लिहून दिलेली नाहीत, तेव्हा बंद करा आणि तपासणी होईपर्यंत बंदच ठेवा. ड जीवनसत्त्व खरोखर कमी निघालं तर ते नेहमीच्या मात्रेत भरून काढता येतं. त्यासाठी डॉक्टर आकडा पाहून सांगतील. एकदम मोठ्या डोसाची पुडी किंवा इंजेक्शन मात्र निदान झाल्याशिवाय नको.

आणखी एक गोंधळ आत्ताच टाळू. ड जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या मुडदुसात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. या आजारात ते कमी होतं. दोन्हींत पाय वाकू शकतात, पण हा एक आकडा दोघांना वेगळं करतो. तसाच हायपोफॉस्फटेमिया म्हणून एक आजार आहे. नावात एका अक्षराचा फरक, आजार मात्र वेगळा. त्यात रक्तातलं फॉस्फरस कमी आणि विकर वाढलेलं असतं. दात वेळेआधी पडत नाहीत, पण कीड नसलेल्या दाताच्या मुळाशी गळू होतात. इंटरनेटवर शोधताना 'शि' आणि 'मि' नीट पाहा, नाहीतर भलत्याच आजाराचे उपचार वाचून झोप उडेल.

बाटलीच्या दुधाचं ओझं तुम्ही उगाच वाहताय. रात्रीच्या बाटलीने दात किडतात हे खरं, पण ती कीड आधी वरच्या पुढच्या दातांना लागते. खालचे पुढचे दात जिभेआड आणि लाळेत भिजलेले असल्यामुळे बहुतेक वाचतात. तुमच्या मुलीचे गेले ते नेमके खालचे, आणि त्यांना कीडही नव्हती. पडण्याचंही तसंच. तोंडावर पडलेल्या मुलाचे बहुधा वरचे दात दुखावतात, ओठ फुटतो, हिरडीतून रक्त येतं. पलंगावरून पडल्याने आधीच सैल झालेला दात चार दिवस आधी पडला असेल, इतकंच.

ताजा कलम खरं तर पत्राच्या पहिल्या ओळीत हवा होता. हा आजार घराण्यातून येतो, आणि दोन वाटांनी. कधी आई-वडील दोघांकडून एकेक बदललेली प्रत यावी लागते, कधी एकाच पालकाकडून आलेली एक प्रत पुरते. वडिलांचे पुढचे दात किती वर्षांचे असताना पडले, हे आजींना नीट विचारा: 'शाळेत जायच्या आधी की नंतर?' मग वडिलांचं आणि तुमचंही अल्कलाइन फॉस्फटेज तपासा. मोठ्यांची मर्यादा इथे चालेल. वडिलांचं कमी आलं तर त्यांच्या पायाच्या पंजाचं हाड कधी सहज मोडलं होतं का, मांडीत जुनं दुखणं आहे का, हेही विचारात घ्यावं लागेल. त्यांना पुढे कधी हाडं ठिसूळ म्हणून बिसफॉस्फोनेट गटातलं औषध सुचवलं गेलं तर हा आकडा आधी दाखवावा. या आजारात त्या औषधाने मांडीचं हाड विचित्र जागी मोडण्याचा धोका असतो. एकाच प्रतीतून येणारा प्रकार असेल तर प्रत्येक बाळाला ती प्रत मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधी जनुकीय समुपदेशकांना भेटा. गर्भातच दिसणारे गंभीर प्रकार सहसा दोन्ही पालकांकडून एकेक प्रत आली तर होतात, म्हणून तुमची तपासणी टाळू नका.

विकर बरोबर निघालं तर? मग दंततज्ज्ञांना बाकीच्या गोष्टी पाहाव्या लागतील. हिरड्या लाल आणि सुजलेल्या असतील, तोंडाला वास असेल, तर पांढऱ्या पेशींचे विकार. दर तीन आठवड्यांनी ताप आणि तोंडात फोड येत असतील तर त्यातलाच एक विशिष्ट विकार, ज्यात एका गणतीवर भागत नाही, काही आठवडे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. तळहात-तळपायाची कातडी जाड आणि सोललेली असेल तर पॅपिलॉन-लफेव्हर हा जन्मजात विकार. डोक्याच्या कातडीवर बरं न होणारं पुरळ, कानातून सतत स्राव, जबड्याच्या एक्स-रेत पोकळी असेल तर लँगरहान्स पेशींचा विकार. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असेल, तर त्यांनी थांबू नये.

दंततज्ज्ञांकडे जाताना लहान मुलांच्या दंततज्ज्ञांकडेच जा. इतक्या लहान मुलीला खुर्चीवर एकटं बसवण्याची गरज नसते. तुम्ही आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसता. मुलगी तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, आणि मग तिला मागे झुकवून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. तुम्ही तिचे हात धरता, ती तुम्हाला पाहत असते. दोन मिनिटांत सगळे दात पाहून होतात. किती हलतात हे मिलिमीटरमध्ये लिहून घ्यायला सांगा, कारण तीन महिन्यांनी तुलना करायला 'थोडा हलतो' हे शब्द उपयोगाचे नसतात. छोट्या फिल्मवर एक्स-रे काढता आला तर तीन गोष्टी दिसू शकतात: दाताच्या आतली पोकळी नेहमीपेक्षा मोठी, भिंती पातळ, आणि दाताभोवतीचं हाड खाली गेलेलं. तो डबीतला दात त्यांच्याकडे द्या. प्रयोगशाळेत त्याचा पातळ काप करून सिमेंटम आहे की नाही हे पाहता येतं. पहिला दात फेकला गेला याचं वाईट वाटून घेऊ नका, एक पुरतो.

दातांइतकंच बाकीच्या शरीराकडे पाहायला हवं, आणि हे काम दंततज्ज्ञांचं नाही. बालरोगतज्ज्ञांमार्फत लहान मुलांच्या हार्मोन आणि हाडांच्या तज्ज्ञांकडे किंवा जनुकतज्ज्ञांकडे जा. जाण्याआधी दोन आठवडे घरी नोंद करा. पहिलं पाऊल कितव्या महिन्यात टाकलं? दीड वर्षानंतर टाकलं असेल तर तारीख नक्की सांगा. चालताना बदकासारखी डुलते का? जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठते का? याचा व्हिडिओ काढा, दवाखान्यात मूल हमखास सरळ उठून दाखवतं. रात्री पाय दुखतात का, थोडं चाललं की 'उचलून घे' म्हणते का, हाड कधी मोडलंय का, डोक्याचा आकार वेगळा वाटतो का, उंची-वजनाची रेघ सपाट होतेय का. तज्ज्ञ गुडघा आणि मनगटाचा एक्स-रे, गरज पडल्यास मूत्रपिंडाची सोनोग्राफी सांगतील.

यातलं काहीच नसेल आणि आजार फक्त दातांपुरता निघाला, तर तो याचा सर्वांत सौम्य प्रकार. पण 'फक्त दातांचा' हा शिक्का कायमचा नसतो. काही मुलांमध्ये स्नायूंचा अशक्तपणा किंवा हाडांची दुखणी पुढे दिसतात, म्हणून वर्षातून एकदा तज्ज्ञांकडे फेरी ठेवा. हाडांवर परिणाम असलेल्या मुलांसाठी कमी पडणारं विकरच बाहेरून देणारं औषध आहे, अ‍ॅस्फोटेज अल्फा. २०१५ साली जपान, युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते कातडीखाली टोचतात, आठवड्याला दर किलो वजनामागे एकूण ६ मिलिग्रॅम, तीन किंवा सहा इंजेक्शनांत विभागून. केवळ दात पडतात म्हणून ते सहसा सुरू करत नाहीत. तेव्हा नेटवर त्याची माहिती वाचून आत्तापासून त्या चिंतेत शिरू नका.

'दुधाचेच दात, पुन्हा येतील' याचं काय? येतील, हे बरोबर. पण खालचे पुढचे पक्के दात सहा-सातव्या वर्षी येतात, म्हणजे अजून तीन-चार वर्षं. या आजारात सहसा आधी खालचे पटाशीचे, मग वरचे पुढचे जातात. मागच्या दाढा बहुतेक टिकतात. पक्के दात पुष्कळ मुलांत बरे निघतात, पण काहींत तेही सैल होतात. म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास त्यांचा एक्स-रे आणि हाडाची पातळी पाहून घ्यावी, आणि पुढे कधी दात सरळ करायला तारा लावायच्या ठरल्या तर आजार आधी सांगून, अगदी हलक्या जोरानेच. पण दुधाचा दात परत येतो म्हणून तो मुळासकट का पडला हा प्रश्न सुटत नाही. घरच्यांशी वाद घालायचाच असेल तर एवढ्यावरच घाला.

कवळीची घाई नको. खालचे दोन-तीन दात नसल्याने मुलीचं चावणं थांबत नाही, चावायला दाढा आहेत. फक्त तुकडे लहान करून द्या. सुळे आलेले असले की पुढची जागा फारशी आक्रसत नाही. दाढ गेली तर गोष्ट वेगळी, तिथे जागा राखणारं साधन लवकर लावावं लागतं. वरचे पुढचे दातही गेले आणि 'स', 'त', 'द' बोलताना जीभ बाहेर येऊ लागली, किंवा मूल स्वतःच तोंड झाकायला लागलं, तर तीन-साडेतीन वर्षांनंतर काढता-घालता येणारी छोटी कवळी बसवता येते. ती रात्री काढायची, आणि जबडा वाढतो तशी दर काही महिन्यांनी सैल करून किंवा नवी करून घ्यायची, नाहीतर ती वाढीला अडवते. दाढांना पट्ट्या चिकटवून त्यावर बसणारे पक्के दात दिसायला छान, पण या आजारात ज्या दाढा टिकवायच्या त्यांच्यावरच सगळा भार टाकायचा का, हे डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवा. फोटोत छान दिसावं एवढ्यासाठी तर अजिबात नको.

रोजचं ब्रश करणं सुरूच ठेवा. हलणाऱ्या दाताभोवती ब्रश फिरवायला भीती वाटते, म्हणून तिथेच घाण साचते आणि मग हिरडी खरोखर सुजते. मऊ ब्रश घ्या, दाताला जिभेच्या बाजूने बोटाचा आधार द्या आणि पुढून हलकेच फिरवा. किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. तपासणी दर तीन-चार महिन्यांनी. धावणं-खेळणं बंद करू नका, हाडांचा डॉक्टर तसं सांगत नाही तोवर.

राहिला तो तिसरा दात. तो ओढून काढू नका आणि दोरा बांधू नका. पण इतका लोंबकळत असेल की झोपेत घशात जाईल अशी भीती वाटते, तर दंततज्ज्ञ तो क्षणात काढून देतात. घरी पडला तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी पाच-दहा मिनिटं दाबून धरा. दात परत खोबणीत बसवायचा नाही, दुधाचा दात कधीच बसवत नाहीत. दात सापडलाच नाही आणि मुलगी एकदम खोकायला लागली, श्वासाला आवाज येऊ लागला, तर तेवढ्यापुरतं सगळं सोडून दवाखान्यात. गिळला गेला असेल आणि मूल नेहमीसारखं खेळतंय, तर तो दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडतो. सापडला तर साध्या पाण्याखाली धरा, मूळ घासू नका, कोरडं होऊ द्या, पट्टीशेजारी फोटो काढा आणि वेगळ्या डबीत ठेवा. डबीवर तारीख लिहा, आणि डावा की उजवा तेही.